मध्ययुगीन इंग्लंडमधील खेळ आणि वेशभूषेची चित्रे

मध्ययुगीन इंग्लंडमधील खेळ आणि वेशभूषेची चित्रे प्रामुख्याने तेराव्या ते पंधराव्या शतकांतील चर्मपत्रावरील हस्तलिखितांमध्ये आढळतात. काही चित्रे चर्चमधील लाकडी कोरीवकामावर व रंगीत काचांवरही आहेत. सामान्य माणसे फावल्या वेळात काय खेळत आणि अंगावर काय घालत, याविषयी त्या काळच्या बखरी व राजदरबारी दफ्तरे फारसे सांगत नाहीत. म्हणूनच इतिहासलेखनात या चित्रांना विशेष महत्त्व आहे. बहुतेक वाचकांना ती मूळ स्वरूपात नव्हे, तर इंग्रज उत्कीर्णनकार जोसेफ स्ट्रट (१७४९–१८०२) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या नकलांमधून परिचित आहेत. त्यामुळे अशा चित्राचा अर्थ लावताना दोन प्रश्न विचारावे लागतात : मूळ चित्रकाराने काय पाहिले होते, आणि नक्कल करणाऱ्याला त्यात काय दिसले.

हस्तलिखिते आणि त्यांचे समास

खेळांची चित्रे बहुधा खेळांविषयीच्या ग्रंथांत नसून धार्मिक स्तोत्रग्रंथांच्या आणि कथाकाव्यांच्या समासांत आहेत. पानाच्या मध्यभागी पवित्र मजकूर आणि त्याखालच्या मोकळ्या पट्टीत कुस्ती, शिकार किंवा चेंडूचा खेळ, अशी मांडणी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात विशेष लोकप्रिय होती.

'क्वीन मेरी साल्टर' हा स्तोत्रग्रंथ इ.स. १३१० ते १३२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये तयार झाला. तो १५५३ मध्ये देशाबाहेर नेला जात असताना एका जकात अधिकाऱ्याने अडवला आणि मेरी ट्यूडर राणीला भेट दिला. त्यावरून त्याला हे नाव पडले. त्याच्या समासांत बहिरी ससाणे घेऊन बदकांची शिकार करणाऱ्या आणि बिळाच्या तोंडाशी जाळे लावून ससे पकडणाऱ्या स्त्रिया दिसतात. शिकार हा केवळ पुरुषांचा छंद होता, हा समज या रेखाटनांमुळे टिकत नाही.

'लट्रेल साल्टर' हा ग्रंथ लिंकनशायरमधील अर्नम येथील जमीनदार सर जेफ्री लट्रेल यांच्यासाठी १३२५ ते १३४० च्या दरम्यान केव्हातरी चितारला गेला. नांगरणी, पेरणी आणि मळणी यांच्या दृश्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. गावकरी मातीच्या उंचवट्यावरील लक्ष्यावर नेम धरून धनुर्विद्येचा सराव करत असल्याचे चित्रही त्यात आहे.

खेळांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध हस्तलिखित मात्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. अलेक्झांडरच्या पराक्रमांवरील फ्रेंच कथाकाव्याची ही प्रत 'बोडली २६४' या क्रमांकाने ओळखली जाते. तिचे लेखन १३३८ मध्ये, तर जेहान द ग्रीझ या चित्रकाराने केलेले चित्रांकन १३४४ मध्ये पूर्ण झाले. प्राण्यांचे मुखवटे घालून नाचणारी माणसे, बाहुल्यांचा खेळ, चाकांच्या लाकडी घोड्यावर बसून भाला रोखणारा मुलगा अशी अनेक दृश्ये तिच्या समासांत आहेत. मात्र हे हस्तलिखित इंग्रज नाही. ते फ्लँडर्स भागात तयार झाले आणि पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमध्ये आले. 'मध्ययुगीन इंग्लंडमधील खेळ' म्हणून आज छापली जाणारी कितीतरी चित्रे वास्तविक फ्लेमिश आहेत. इंग्लंड आणि फ्लँडर्स यांच्यात लोकरीच्या व्यापारामुळे घनिष्ठ संबंध होते. दोन्हीकडचे खेळ बरेचसे सारखे असणे संभवते, पण तेवढ्यावरून एका देशाचे चित्र दुसऱ्याचा पुरावा ठरत नाही.

जोसेफ स्ट्रट यांचे कार्य

स्ट्रट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १७४९ रोजी एसेक्स परगण्यात चेल्म्सफर्डजवळील स्प्रिंगफील्ड येथे एका गिरणीमालकाच्या घरी झाला. ते दीड वर्षाचे असतानाच वडील वारले. १७६४ मध्ये त्यांनी लंडनमधील उत्कीर्णनकार विल्यम विन रायलंड यांच्याकडे उमेदवारी सुरू केली. पुढे रॉयल अकॅडमीत शिकत असताना त्यांना पदके मिळाली. १७७१ मध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात जाऊ लागले. राजघराण्याचा जुना ग्रंथसंग्रह, आणि त्याबरोबर क्वीन मेरी साल्टर, दुसऱ्या जॉर्ज राजाने १७५७ मध्येच या संग्रहालयाला दिला होता. एरवी राजवाड्यात बंद राहिली असती अशी पाने एका तरुण कारागिराला त्यामुळे पाहता आली.

इंग्लंडच्या राजांची व धर्माधिकाऱ्यांची जुनी चित्रे एकत्र करणारा त्यांचा पहिला ग्रंथ १७७३ मध्ये निघाला. त्यानंतर लोकांच्या चालीरीती, शस्त्रे व राहणी यांवरील ग्रंथ आला. पोशाखांवरील दोन खंड १७९६ ते १७९९ या काळात प्रसिद्ध झाले आणि १८०१ मध्ये 'स्पोर्ट्स अँड पास्टाइम्स ऑफ द पीपल ऑफ इंग्लंड' हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ आला. लोकांचा खरा स्वभाव युद्धात किंवा दरबारात नव्हे, तर मोकळ्या वेळात प्रकट होतो, ही त्यामागची भूमिका होती. राजांच्या वंशावळींत रमलेल्या त्या काळच्या पुराणवस्तुसंशोधकांमध्ये ही भूमिका विरळाच म्हणावी लागेल. १६ ऑक्टोबर १८०२ रोजी लंडनमध्ये स्ट्रट यांचे निधन झाले.

कपड्यांवरून काळ

स्ट्रट यांच्या पद्धतीचा पाया एका साध्या निरीक्षणावर उभा आहे. मध्ययुगीन चित्रकाराला ऐतिहासिक पोशाखाची फिकीर नव्हती. अलेक्झांडर असो वा बायबलमधील दावीद राजा, तो त्यांना आपल्या आजूबाजूच्या माणसांचेच कपडे चढवी. यामुळे प्राचीन ग्रीसविषयीचा पुरावा म्हणून बोडली २६४ निरुपयोगी ठरते, पण १३४४ च्या सुमाराच्या कपड्यांविषयी मात्र ती विश्वासार्ह साक्ष देते. चित्रकाराची चूक हीच इतिहासकाराची सोय झाली.

१३४४ हे वर्षही मोठे मोक्याचे आहे. त्याआधी स्त्री-पुरुषांचे बाह्य वस्त्र म्हणजे डोक्यातून घालायचा, सैल आणि लांब अंगरखा असे. चौदाव्या शतकाच्या मध्यास पुरुषांचा अंगरखा आखूड झाला, अंगाबरोबर बसू लागला आणि त्याला पुढे व बाह्यांवर गुंड्यांच्या रांगा आल्या. कापड सरळ तुकड्यांऐवजी शरीराच्या वळणानुसार बेतले जाऊ लागले. अंगरखा वर गेल्याने पायांतील घट्ट, लांब मोजे दिसू लागले. कधीकधी दोन पायांचे मोजे दोन रंगांचे असत. लग्न झालेल्या स्त्रिया हनुवटीखालून गळा झाकणारे पांढरे वस्त्र आणि डोक्यावर पदरासारखे कापड घेत. तारीख नसलेल्या हस्तलिखिताचा काळ ठरवताना गुंड्या, बाह्या आणि अंगरख्याची लांबी या खुणा आजही वापरल्या जातात.

कुंचीचा खेळ

पोशाख आणि खेळ यांचा सर्वांत जवळचा संबंध डोक्यावरच्या वस्त्रात दिसतो. चौदाव्या शतकात सर्व थरांतील लोक खांद्यापर्यंत येणारी, लहान मुलांच्या कुंचीसारखी टोपी घालत. तिला मागे शेपटासारखी लांब पट्टी असे. मराठीतील आंधळ्या कोशिंबिरीसारखा एक खेळ या टोपीनेच खेळला जाई. ज्याच्यावर राज्य आहे त्याची कुंची उलटी फिरवत. चेहऱ्यासाठीचे भोक पाठीमागे गेले की त्याला काही दिसत नसे. बाकीचे खेळाडू आपापल्या कुंच्या काढून, त्यांना गाठ मारून त्याला फटके मारत. बोडली २६४ मधील हे दृश्य स्ट्रट यांनी आपल्या ग्रंथात घेतले आहे. त्यात मुलांइतकीच मोठी माणसेही खेळताना दिसतात.

या खेळाला इंग्रजीत 'हूडमन ब्लाइंड' म्हणत. कुंचीची पद्धत मागे पडल्यावर डोळ्यांना रुमाल बांधण्याची रीत आली, तरी नावातली कुंची काही काळ टिकून राहिली. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातही हे नाव येते.

चेंडू आणि दांडू

स्ट्रट यांच्या नकलांपैकी सर्वाधिक वाद एका लहानशा चित्रावरून झाला. बोडली २६४ च्या एका पानाखाली एक स्त्री चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात आहे, समोरच्या पुरुषाने दांडू उगारला आहे आणि तिच्या मागे काही जण झेल घेण्यासाठी हात पसरून उभे आहेत. मूळ चित्रातील वेशावरून ही मंडळी जोगिणी आणि मठवासी असावीत असे मानले जाते. स्ट्रट यांनी मात्र त्यांचे वर्णन केवळ स्त्री-पुरुष असे केले आणि खेळाला 'क्लब-बॉल' हे नाव देऊन तो क्रिकेटचा पूर्वज असल्याचे सुचवले.

हे नाव तिसऱ्या एडवर्डच्या लॅटिन आज्ञापत्रातील एका शब्दप्रयोगावर आधारलेले होते. त्याचा अर्थ 'काठीने मारायचा चेंडू' एवढाच होतो. तो एखाद्या ठरावीक खेळाचे नाव नसून चेंडू-काठीच्या कोणत्याही खेळाला लागू पडतो. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी 'क्लब-बॉल' नावाचा स्वतंत्र खेळ होता, हे मत स्वीकारले नाही. क्रिकेटचा निर्विवाद उल्लेख बराच नंतरचा आहे. सरे परगण्यातील गिल्फर्ड येथे जमिनीच्या एका तुकड्यावरून चाललेल्या दाव्यात जॉन डेरिक याने साक्ष दिली की, शाळेत असताना तो व त्याचे मित्र त्या जागी हा खेळ खेळत. ही साक्ष आधुनिक कालगणनेनुसार जानेवारी १५९८ मधील असून तीत सांगितलेला काळ १५५० च्या आसपासचा आहे. बोडली २६४ मधील चित्र आणि ही साक्ष यांच्यामध्ये दोन शतकांहून अधिक अंतर आहे आणि ते अंतर फ्लेमिश चित्राने भरून काढता येत नाही.

अशीच घाई ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या बाबतीतही होते. तेथील पूर्वेकडील भव्य खिडकीच्या काचेवर, सुमारे १३५० मध्ये, वाकडी काठी उगारून चेंडू मारणारी एक आकृती रंगवलेली आहे. तिला सर्रास 'गोल्फपटू' म्हटले जाते. काठी आणि चेंडू तेथे नक्कीच आहेत. गोल्फ मात्र पाहणाऱ्याच्या मनात आहे.

कायद्यांतील खेळ आणि कपडे

चित्रांची पडताळणी करण्यासाठी लेखी पुरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा मनाईहुकमांच्या रूपात मिळतो. १३१४ मध्ये लंडनच्या महापौरांनी राजाच्या नावे शहरात फुटबॉल खेळण्यास बंदी केली. मोठमोठ्या चेंडूंमागे धावणाऱ्या गर्दीचा गोंगाट, हे त्याचे कारण होते. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सणाच्या दिवशी सर्व सशक्त पुरुषांनी धनुर्विद्येचा सराव करावा आणि हाताने, पायाने व काठीने खेळायचे चेंडूचे खेळ तसेच कोंबड्यांच्या झुंजी सोडाव्यात, असा हुकूम काढला. फ्रान्सशी झालेल्या दीर्घ युद्धात लांब धनुष्य वापरणारे तिरंदाज ही इंग्लंडची मुख्य ताकद होती. लट्रेल साल्टरमधील सरावाचे दृश्य या पार्श्वभूमीवर केवळ करमणुकीचे राहत नाही. १३८८ मध्ये चाकर आणि मजूर यांना उद्देशून जवळपास असाच कायदा झाला. तीच ती बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, याचा अर्थ लोक ती पाळत नव्हते.

त्याच १३६३ मध्ये पार्लमेंटने कोणी कोणते कपडे घालावेत याचाही कायदा केला. नांगरे, गाडीवान, गुराखी आणि ज्यांची मालमत्ता चाळीस शिलिंगांहून कमी आहे अशा सर्वांनी केवळ घोंगडीसारखे जाडेभरडे कापड वापरावे, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच पार्लमेंटमध्ये हा कायदा रद्द झाला. १४६३ च्या कायद्याने तर उमराव नसलेल्यांच्या जोड्यांचे टोक दोन इंचांहून लांब असू नये, असे ठरवले. पंधराव्या शतकातील चित्रांत दिसणारे लांब, निमुळते जोडे ही चित्रकाराची अतिशयोक्ती नव्हती, हे अशा तरतुदींवरून कळते.

कित्येकदा लेखी वर्णन चित्राच्या पुढे जाते. टॉमस बेकेटचे चरित्रकार विल्यम फिट्झस्टीफन यांनी बाराव्या शतकातील लंडनचे वर्णन लिहिले आहे. गोठलेल्या दलदलीवर जनावरांची हाडे पायाला बांधून, लोखंडी टोकाच्या काठीने स्वतःला ढकलत घसरणारी मुले त्यात आहेत. ईस्टरच्या सुमारास नदीच्या मधोमध खांबाला ढाल टांगत आणि वेगाने येणाऱ्या नावेतून तरुण तिच्यावर भाला मारत. भाला न मोडता नेम लागला तर तो पाण्यात पडे. हे पाहण्यासाठी पुलावर हसायला तयार असलेल्या लोकांची गर्दी जमे.

चित्रांच्या मर्यादा

समासातील चित्रे म्हणजे रोजच्या जीवनाची छायाचित्रे नव्हेत. त्याच पट्टीत कोल्हा धर्मोपदेशक होतो आणि अर्धे माणूस, अर्धे जनावर असे प्राणी फिरतात. जोगिणी आणि मठवासी खरोखर एकत्र चेंडू खेळत, की चित्रकार त्यांची थट्टा करत होता, हे केवळ चित्रावरून ठरवता येत नाही. कलेतिहासकार मायकेल कमील यांनी लट्रेल साल्टरवरील १९९८ च्या ग्रंथात या चित्रांना वास्तवाचे सरळ प्रतिबिंब मानण्यास विरोध केला. तेथील शेतकरी स्वच्छ, निळ्या-तांबड्या कपड्यांत राबतात. ज्या जमीनदाराने ग्रंथाचे पैसे मोजले, त्याला आपली रयत जशी पाहायची होती तशी ती रंगवली आहे.

नक्कल करताना आणखी काही गोष्टी गळतात. स्ट्रट यांनी आकृत्या मूळ पानातून वेगळ्या काढून, पार्श्वभूमीशिवाय, तांब्याच्या पत्र्यावर रेषांनी कोरल्या. त्यांचे चेहरे आणि अंगविक्षेप काहीसे अठराव्या शतकातील वाटतात. वर कोणते स्तोत्र होते, शेजारी काय चितारले होते, हे नकलेत उरत नाही. तरीही प्रत्येक चित्र कोठून घेतले याची नोंद त्यांनी जागोजागी दिली. त्यामुळेच त्यांच्या चुका शोधणे पुढच्यांना शक्य झाले.

पुढील आवृत्त्या आणि मूळ ग्रंथांची स्थिती

खेळांवरील ग्रंथाची विल्यम होन यांनी संपादित केलेली स्वस्त आवृत्ती १८३० च्या सुमारास निघाली. तीत १४० लहान चित्रे मजकुरातच छापली होती. पोशाखांवरील ग्रंथ नाटकांचे वेशभूषातज्ज्ञ जे. आर. प्लँशे यांनी १८४२ मध्ये टीपांसह पुन्हा प्रसिद्ध केला. स्ट्रट यांची अपुरी कादंबरी 'क्वीनहू हॉल' वॉल्टर स्कॉट यांनी पूर्ण करून १८०८ मध्ये छापवली. तिला यश आले नाही. जुन्या शब्दांचा आणि तपशिलांचा भार वाचकाला पेलत नाही, हा धडा त्यातून घेतल्याचे स्कॉट यांनी नंतर नमूद केले आहे.

लट्रेल साल्टर स्ट्रट यांच्या हयातीत खासगी मालकीचा होता. १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो ३१,५०० पौंडांना विकत घेतला. आज तो आणि क्वीन मेरी साल्टर हे दोन्ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बोडली २६४ ऑक्सफर्ड येथेच असून तिच्या सर्व पानांची रंगीत छायाचित्रे बोडलियन ग्रंथालयाने महाजालावर खुली केली आहेत. स्ट्रट यांच्या रेखाटनाशेजारी मूळ पान ठेवून पाहणे त्यामुळे कोणालाही शक्य आहे.