पत्र्यावरचे दगड

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. धक्क्याची तीव्रता ४.५ होती. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का आला. केंद्र कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या बाजूला होतं. जीवितहानी झाली नाही, म्हणून बाहेरच्यांना ती बातमी आता आठवतही नसेल. पण त्या दिवशी प्रशासनाने केलेलं एक आवाहन माझ्या डोक्यात घर करून राहिलं. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, असं ते आवाहन होतं.

वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात मी बरीच वर्षं टेप आणि वही घेऊन जुनी घरं मोजत फिरतो. इंजिनिअरिंग शिकलेलो नाही. जे कळतं ते गवंड्यांकडून, सुतारांकडून आणि नंतर पुस्तकांतून. त्यामुळे हे आवाहन ऐकल्यावर गावातला माणूस काय म्हणणार, हे मला ठाऊक होतं. एका म्हाताऱ्या मामांनी ते नेमक्या शब्दांत सांगितलंच. "दगड काढले तर पत्रे जातेत, ठिवले तर डोक्यात पडतेत. आता तुमीच सांगा भाऊ, कोन्तं मरण घ्यावं?"

मामांचा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. हिशेब करून पाहू. ताशी शंभर किलोमीटर वेगाचं वारं पत्र्याला दर चौरस मीटरला साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोच्या जोराने वर ओढू शकतं. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला चार-साडेचार किलो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीचं छप्पर वळवाच्या वादळात चार-साडेचारशे किलोच्या जोराने उचललं जातं. पंधरा किलोचे तीस दगड ठेवले की हिशेब जेमतेम जुळतो. दार-खिडकी उघडी असेल तर वारं आत शिरून खालूनही रेटतं, आणि मग तीस दगडही पुरत नाहीत. हे गणित कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं. शेजाऱ्याचे पत्रे कुठल्या शेतात जाऊन पडले, एवढं पाहून लोकांनी दगडांची संख्या ठरवली आणि ती फारशी चुकलेली नाही.

खरी अडचण दगडांच्या खाली आहे. पत्रा लोखंडी पाइपाला जे-हुकाने आवळलेला असतो, पण तो पाइप भिंतीत कशाला धरलेला असतो? बहुतेक घरांत कशालाच नाही. भिंतीच्या माथ्यावर खाच करून पाइप ठेवायचा, वरून चिखल नाहीतर थोडं सिमेंट थापायचं, झालं. असा पाइप पत्र्यासकट उडतो. हुकांवर केलेला खर्च मग एवढ्याच कामाचा, की उडालेलं छप्पर एका तुकड्यात सापडतं. म्हणून पत्रे पक्के आवळूनही लोक दगड ठेवतात, आणि बाहेरून आलेल्याला तो अडाणीपणा वाटतो.

हे पत्रे आले कुठून, हे समजायला माळवदाकडे जावं लागतं. मराठवाड्याच्या या भागातलं जुनं घर म्हणजे सागाचे नाहीतर बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे सरे, त्यांवर फळ्या किंवा किलचन आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा थर. पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची माती. गाव शेकडो वर्षं एकाच जागी बसलं, पडलं, पुन्हा बसलं की राख, शेण, पडक्या भिंती यांची जी भुरकट माती तयार होते, ती. म्हणून तर गावाच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणायची रीत पडली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. छपरावर तिचा उपयोग नाही. पांढरी दाबली की घट्ट बसते आणि पाणी वरच्यावर पन्हाळीकडे वाहून जातं. या मातीसाठी गावोगावच्या गढ्या पोखरल्या गेल्या. त्या ढिगाऱ्यांतून निघालेली जुनी खापरं लोकांच्या छपरांवर पसरली आहेत. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही मोठीच हानी आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नव्या मातीचा हात फिरवायचा, हा घरमालकाचा आणि घरातल्या बायकांचा नेम. गळती थांबायची. पण जुनी माती कुणी खाली काढत नसे. चार बोटांचा थर दोन-तीन पिढ्यांत दीड-दोन फुटांचा झाला. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे साडेपाच टन. दीड फुटाला आठ टन, तेही कोरडी असताना. त्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास भरतो. माळवद हलकं आणि स्लॅब जड, हा सार्वत्रिक समज आहे. आकडे त्याच्या उलट आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं, ते सर्वांना माहीत आहे. पण का झालं, हे फार थोड्यांनी नीट ऐकलं. तो भूकंप ६.२ तीव्रतेच्या आसपासचा. मार्च २०२४ च्या आपल्याकडच्या धक्क्याच्या तुलनेत त्याची ऊर्जा सुमारे साडेतीनशे पट. तरीही भूकंपशास्त्राच्या मापाने तो राक्षसी नव्हता. माणसं मेली ती दगडी भिंती फुटून आणि माळवदाची माती अंगावर येऊन. आपल्याकडच्या जुन्या दगडी भिंतीला दोन तोंडं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. दोन्ही बाजूंना मोठे दगड रचतात आणि मधली पोकळी चिपा-मातीने भरतात. दोन ते तीन फूट जाडीची ही भिंत पाहून धीर येतो. पण दोन्ही तोंडांना आरपार बांधणारे लांब दगड नसतील, तर ती एक जाड भिंत नसते. त्या शेजारी उभ्या केलेल्या दोन पातळ भिंती असतात. हादऱ्याने मधली भरती खाली बसते, ती पाचरीसारखं काम करते आणि बाहेरचं तोंड पोट फुगल्यासारखं होऊन फुटतं.

त्या पडझडीतली एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता आणि छप्पर त्यावर तोललेलं होतं, तिथे पुष्कळदा भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहिला. भूकंपानंतरच्या तज्ज्ञांच्या पाहण्यांत ही नोंद आहे. म्हणजे त्या घरातली सर्वांत भरवशाची वस्तू खांब होती आणि सर्वांत बेभरवशाची वस्तू भिंत.

लोकांनी मात्र नेमकं उलट केलं. किल्लारीनंतर मातीची भीती बसली. माळवद उतरवायचं, पत्रे टाकायचे. माती उतरवली हे उत्तमच झालं. पण माती गेली की खांबांचं काम संपलं असं वाटतं. घरात ते अडचण करतात, कपाट बसत नाही, पोराच्या लग्नाआधी मोठी खोली हवी असते. जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो आणि सागाच्या खांबांचे चांगले पैसे देतो. त्या पैशांतून पत्रे आणि पाइप येतात. पाइप भिंतीवर टेकतात. आता छप्पर हलकं झालं, पण ते त्या दोन तोंडांच्या भिंतीवर बसलं. पूर्वी भिंत निदान स्वतःपुरती उभी होती. आता तिच्यावर छप्पर आहे, त्यावर दगड आहेत, आणि खांब-तुळयांचा जो थोडाफार धरबंध होता तोही गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घरदुरुस्ती करणारा माणूस शेवटी आलेल्या संकटाला उत्तर देत असतो. गळतीला त्याने माती घालून उत्तर दिलं, भूकंपाला माती काढून आणि वाऱ्याला दगड ठेवून. प्रत्येक उत्तर त्या त्या वेळी शहाणपणाचं होतं. मात्र प्रत्येक वेळी घराचा भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला आणि ती दुसरी जागा कुणी तपासली नाही.

पाण्याची कथाही अशीच आहे, फक्त ती हळूहळू घडते. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. शेणा-मातीचा गिलावा तिला ते करू देतो. पण दरवर्षी पोतारायचा कंटाळा आणि पाहुण्यांपुढची लाज यांपायी भिंतीला सिमेंटचा गिलावा होतो. पहिले दोन पावसाळे भिंत देखणी दिसते. खालून चढलेल्या ओलीला मात्र बाहेर पडायला वाट राहत नाही. आतली माती मऊ पडते, लोणा धरतो आणि एक दिवस अख्खा पापुद्रा ताटासारखा सुटून येतो. तोवर घुशींनी आणि वाळवीने आतला कारभार सांभाळलेला असतो. त्यात पत्र्याखाली उन्हाळा सोसवत नाही म्हणून खिडकीत कूलर येतो. बेचाळीस अंशांत त्याला नाही कोण म्हणणार? पण त्याचं ठिबकणारं पाणी थेट भिंतीच्या जोत्यात मुरतं. न्हाणीला फरशी बसवली आणि सांडपाणी भिंतीलगतच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर तेच अधिक जोमाने होतं. गावठाणाबाहेरच्या नव्या प्लॉटवर खाली काळी माती असते. तिथे एका कोपऱ्यात सतत पाणी मुरलं की तेवढाच कोपरा फुगतो आणि उन्हाळ्यात तेवढाच खचतो. भिंतीतली तिरपी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग त्यातून येते. लोक ती भूकंपाच्या नावावर लिहितात. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच भेगा मार्चच्या धक्क्याच्या आधीच्या होत्या. आत साचलेल्या कोळिष्टकांवरून ते कळतं.

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, सपाट भागात १ लाख २० हजारांचं अर्थसाहाय्य हप्त्यांनी मिळणार, शिवाय रोजगार हमीतून मजुरी. नियमाप्रमाणे हे घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं, कंत्राटदाराने नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं हौशी बांधकाम सरकारच्या पैशाने चाललं आहे. पैसा पुरत नाही, म्हणून जुन्या घराची एक भिंत धरून तीनच नव्या भिंती उठवायच्या, ही युक्ती जवळपास गावोगाव दिसते. जुनी भिंत पांढरीत बसून स्थिरावलेली, नवीचा पाया कालच भरलेला. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने बसतात आणि सांध्यात बोट जाईल एवढी फट पडते. हादरा बसला तर जड, मऊ जुनी भिंत आणि ताठ नवी भिंत वेगवेगळ्या डुलतात, एकमेकींना धडका देतात. हप्त्यासाठी पायाचा, जोत्याचा, छताचा फोटो काढून चढवला जातो. चौथी भिंत कुणाची आहे, हे त्या फोटोत दिसत नाही.

किल्लारीनंतर यावर काम झालं नव्हतं असं नाही. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याची चर्चा खूप झाली. पण त्याबाहेरच्या गावांत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि बळकटी लोकांनी स्वतः केली, सरकारी मदतीने आणि अभियंत्यांच्या देखरेखीखाली, हे कमी जणांना माहीत आहे. तेव्हा शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या. माळवदाची जादा माती उतरवा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार ठोका. भिंतीला ठरावीक अंतराने आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन तोंडं बांधली जातील. दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोवती सलग पट्टा फिरवा. कोपऱ्याला लागून नवी खिडकी फोडू नका. अशा कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच आयएस १३८२८ हे मानकही काढलं. हे ज्ञान लातूर-उस्मानाबादकडच्या गवंड्यांच्या हातात उतरलं. आमच्याकडे, तेव्हाच्या परभणी जिल्ह्याच्या या टोकाला, ते फारसं झिरपलेलं मला दिसलं नाही. १९९९ मध्ये जिल्हा वेगळा झाला, गवंड्यांची पिढी बदलली, आणि आताच्या पोरांना सेंट्रिंग चांगलं येतं पण दगडाची भिंत कशी बांधायची हे विचारलं तर ती हसतात.

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का आला, केंद्र पुन्हा कळमनुरी तालुक्यातच, रामेश्वर तांड्याच्या परिसरात. पावसाळ्याचे दिवस होते आणि मार्चमध्ये उतरवलेले दगड बहुतेकांनी मे महिन्याच्या वाऱ्यात पुन्हा वर चढवले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या आसपास तर जमिनीतले आवाज कित्येक वर्षांचे आहेत. तिथली एक आजी मला म्हणाली, "आवाज आला की लेकरं आंगनात पळतेत. दगड काही पळत न्हाईत, ते तितंच ऱ्हातेत."

मामांच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते फार महागही नाही. पाइप जिथे भिंतीवर टेकतो तिथे भिंतीत दोन-अडीच फूट खोल सळई उतरवून काँक्रीटने धरायची आणि तिच्या वरच्या टोकाला पाइप जखडायचा. त्याहून बरं म्हणजे भिंतीच्या माथ्यावर घरभर एक सलग पट्टा ओतायचा आणि त्यातून वर काढलेल्या सळयांना पाइप बांधायचा. मग वाऱ्याने वर ओढलं तर त्याला भिंतीचं वजन तोलून धरतं, आणि दगड उतरवता येतात. खांब अजून शाबूत असतील तर ते विकू नयेत. पाइप त्यांच्या तुळयांवर घ्यावा, भिंतीवर नाही. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी माती उतरवायची, तीही सगळ्या खणांवरून समान, थराथराने. एकाच बाजूची माती आधी काढली तर सांगाडा दुसऱ्या बाजूला झुकतो. नंतर भिंतीची तोंडं बांधायची, मग पट्टा आणि शेवटी पत्रे. लोक पत्र्यांपासून सुरुवात करतात, कारण पाऊस तोंडावर असतो आणि पैसेही तेव्हाच हातात आलेले असतात. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचे पैसे येतात तेव्हा हे काम काढलं तर हाताशी पाच-सहा कोरडे महिने मिळतात.

उतरवलेली माती जोत्याला लावून ठेवू नये, ओल धरते. ती शेतात न्यावी. पांढरी चांगलं खत आहे, हे जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे. औंढ्याजवळच्या एका गावात माळवद उतरवल्यावर त्याच्या मातीच्या बारा गाड्या मळ्यात टाकल्या गेल्या आणि पुढच्या हंगामात तेवढ्या पट्ट्यातली हळद वेगळी ओळखू येत होती.