क्ष-किरण विभागातील माणसांचा हिशेब

तापीकाठचे बऱ्हाणपूर गोमंतकापासून दूर असले, तरी मराठी माणसाला ते परके नाही. खानदेशाच्या शिवेला लागून असलेले हे यंत्रमागांचे शहर 2003 साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. 2011 च्या जनगणनेत त्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांहून अधिक भरली. अशा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण विभागाला किती माणसे हवीत, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटेल. परंतु तो रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे, आणि म्हापसा-मडगावच्या रुग्णालयांनाही तितकाच लागू आहे.

नवे यंत्र आले की समारंभ होतो, फीत कापली जाते. ते चालविणारा रेडिओग्राफर मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. पदे मंजूर करताना यंत्रे किंवा खाटा मोजण्याचा प्रघात आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या मानकांतही खाटांच्या संख्येनुसारच पदे ठरविली होती. आमच्या मते मोजायला हवेत ते कामाचे तास.

हिशेब अवघड नाही. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असे धरले, तरी एक खोली अहोरात्र उघडी ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा, सणांच्या सुट्ट्या व आजारपण यांचे वर्षाकाठी आठ आठवडे वजा केले, की हा आकडा चारांच्या वर जातो. सकाळची बाह्यरुग्णांची गर्दी, सीटी स्कॅन आणि वॉर्डात यंत्र नेऊन काढायची चित्रे यांसाठी लागणारी माणसे निराळीच. तेव्हा 'तीन पाळ्या, तीन माणसे' हे सोयीचे गणित मुळातच फसवे आहे.

शिवाय सगळ्या तपासण्या सारख्या नसतात. छातीचे चित्र काही मिनिटांत निघते. मांडी मोडलेल्या रुग्णाला टेबलावर नीट ठेवण्यातच बराच वेळ जातो. प्रत्येक कामाला लागणारा वेळ आणि कर्मचाऱ्याचे प्रत्यक्ष उपलब्ध तास यांवरून पदे ठरविण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्ये मांडली व 2010 मध्ये सुधारली. ती येथे वापरण्यास कोणती अडचण आहे?

माणसे कमी पडली की घाई होते, चित्र बिघडते, ते पुन्हा काढावे लागते आणि रुग्णाच्या अंगावर किरणांचा मारा दुप्पट होतो. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून या किरणांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवीत आहे. कर्मचाऱ्याला किती किरण लागले, हे त्याच्या छातीवरचा बिल्ला सांगतो. त्याचा थकवा मोजणारा बिल्ला मात्र अद्याप निघालेला नाही.

प्रत्येक क्ष-किरण विभागात तपासण्यांची नोंदवही असते. तिच्यातील वर्षभराचे आकडे तासागणिक मांडावेत, त्यानुसार पदे मंजूर करावीत आणि रजेच्या काळासाठी राखीव पदे ठेवावीत, एवढीच आमची मागणी आहे. मध्यरात्री अपघातातला जखमी दाराशी यावा आणि यंत्र असूनही, ते चालविणारा नाही म्हणून त्याला सत्तर किलोमीटरवरच्या खांडव्याची वाट दाखवावी, अशी पाळी कोणत्याही रुग्णालयावर येता कामा नये. पदे भरण्याचा खर्च सरकारला जड वाटत असेल, तर बंद खोलीतल्या यंत्रावर झालेला खर्च हलका कसा वाटतो, हेही त्याने जनतेला सांगावे.