सायकलला लायसन्स नाही, पण कायदा आहे

मुलगा पाचवी-सहावीत गेला की घरात सायकलची मागणी सुरू होते. अब्बा किंमत पाहतात, अम्मीला रस्त्याची काळजी वाटते. कायद्याचा विचार मात्र कुणाच्या मनात येत नाही. "सायकलला कसला आलाय कायदा?" हे वाक्य पालकसभेत मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकले आहे.

यात अर्धेच खरे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार साधी सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून तिला लायसन्स, नोंदणी, विमा लागत नाही. हेल्मेटची सक्तीही मोटारसायकलवाल्यांना आहे. (डोक्याला हा फरक कळत नाही, ही गोष्ट वेगळी.) परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणे आणि पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडणे हे सायकलस्वारालाही बंधनकारक आहे. पोलिसाने हात दाखवला तर त्यालाही थांबावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तर त्याला प्रवेशच नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 मध्येही 'मोटार' हा शब्द नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन माणसाचा जीव धोक्यात येईल इतक्या बेदरकारपणे चालवले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मोहल्ल्याच्या उतारावर सायकलची धडक बसून एखाद्या वयस्क माणसाचा खुबा मोडला, तर खर्च द्यायला विमा कंपनी नसते.

आता बॅटरीच्या सायकलींविषयी, कारण खरी फसगत इथे होते. मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच अशा गाडीला मोटार वाहनाच्या नियमांतून सूट मिळते. त्यातही वजनाची मर्यादा आहे, ब्रेक आणि पुढे-मागे रिफ्लेक्टर हवेत. दुकानदार "लायसन्स लागत नाही" म्हणतो तेव्हा हे आकडे कागदावर मागा. वेगाचा लॉक काढून घेतला की तीच गाडी कायद्याच्या नजरेत मोटार वाहन ठरते. मग चालवणारा मुलगा पंधरा वर्षांचा असेल, तर कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

मगरीबनंतर ट्यूशनहून परतणाऱ्या मुलांच्या सायकलीला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवाच. गडद युनिफॉर्म किंवा काळा बुरखा अंधारात ट्रकवाल्याला दिसत नाही. ओढणी चेनमध्ये अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवून घ्या. पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला नसला, दिवा नसला किंवा डबलसीट दिसले, तर पोलीस चाकातली हवा सोडत. आज हवा सोडायला कुणी येत नाही, म्हणून मुलांना वाटते की नियमही उरला नाही.

कायदा सायकलस्वाराला संरक्षणही देतो. सायकल ट्रॅकवर मोटार घालायला मनाई आहे. मोटार वाहनाने धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. मात्र सायकलस्वार उलट्या दिशेने येत होता असे निघाले, तर त्याची चूक धरून रक्कम कमी होऊ शकते. 'शॉर्टकट'ने जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हे माहीत असायला हवे.

धडक देणारी गाडी पळून गेली तरी हक्क संपत नाही. मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापतीस 50 हजार रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा असतो. 2025 पासून अशा अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही लागू आहे. यासाठी पोलिसांत नोंद लागते. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, तेव्हा मदत करणाऱ्याने कचरू नये.