मधुमेहातली पायांची आग : गोळी नेमकं काय करते?

मगाशी एक चिठ्ठी आली : रात्री तळपायांची आग होते, दुखण्याची साधी गोळी घेऊनही फरक पडत नाही, असं का? आधी हाच प्रश्न घेतो.

साधी वेदनाशामक गोळी मुख्यतः सूज आणि त्यातून येणारं दुखणं कमी करते. इथे बिघाड नसांमध्येच आहे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की सगळ्यांत लांबच्या नसा आधी खराब होतात, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून. जखम नसतानाही या नसा मेंदूला दुखल्याचे निरोप पाठवत राहतात. दुखणं खरंच असतं बरं का, घरच्यांना ते दिसत नाही एवढंच. डायक्लोफेनॅक रोज घेऊन आग थांबत नाही, मूत्रपिंडांना मात्र धोका पोचतो.

मग द्यायचं काय? प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन. शेवटची दोन नैराश्यावरही वापरतात, हे मोबाइलवर वाचून लोक गोळ्या कपाटात ठेवून देतात. अहो, इथे ती वेदनेचे निरोप मंद करायला दिलेली असतात! ब्रिटनमधल्या 13 केंद्रांत झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन जवळपास सारखीच उपयोगी ठरली. त्यामुळे निवड माणूस बघून करायची. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना अमिट्रिप्टिलिनने लघवी अडू शकते. मूत्रपिंडं कमजोर असतील तर प्रीगाबालिनचा डोस कमी ठेवावा लागतो. सुरुवात थोड्या डोसने, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. दुखणं निम्म्यावर आलं, झोप लागली, की औषध लागू पडलं म्हणायचं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच.

आता जरा नीट ऐका. या गोळ्या नस दुरुस्त करत नाहीत. कधी कधी आग आपोआप थांबते, आणि पेशंट खूश होऊन सांगतो, "डॉक्टर, बरा झालो." तेव्हा मी विचारतो, चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का? बऱ्याचदा कळत नसतं. म्हणजे नस बरी झालेली नाही, ती बधिर झाली आहे. अशा पायात खिळा घुसला तरी पत्ता लागत नाही. म्हणून दुखणं असो वा नसो, रोज रात्री तळपाय आरशात बघा, बोटांच्या बेचक्यांतही. नजर कमी असेल तर घरच्यांना बघायला सांगा. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या धाग्याने पायाची संवेदना तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते करताना डोळे मिटून बसायचं!