‘वाहणें’ ह्या क्रियापदाविषयीं

संस्कृत ‘वह्’ धातूपासून आलेलें ‘वाहणें’ हें क्रियापद अकर्मक आहे, तसेंच सकर्मकही आहे. नदी वाहते, वारा वाहतो. येथें गति कर्त्याची. हमाल ओझें वाहतो, भक्त देवाला फूल वाहतो. येथें कर्ता कर्माला गति देतो. मुरबाडजवळच्या नाणेघाटांतून जुन्नरकडे माल वाहिला जाई, तो ह्याच अर्थानें.

शहापूर तालुक्यांत दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या तानसा धरणाचें पाणी नळांतून मुंबईस वाहतें. आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर बाया डोईवरून पाणी वाहतात. पहिल्या वाक्यांत ‘पाणी’ कर्ता, दुसऱ्यांत कर्म. पहिलें वाहणें पाड्यापर्यंत पोंचेल, तेव्हांच दुसरें थांबेल.