स्कॅन कोणाचा, कशासाठी?

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान होताच ‘सगळे स्कॅन एकदाचे करून घ्या’ असा धोशा घरची मंडळीच लावतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु मायेने विवेकाची जागा घेऊ नये. रक्तातील पीएसए 10 पेक्षा कमी, ग्लीसन गुणांक 6 आणि गाठ लहान असेल, तर रोग हाडांत पसरलेला असण्याचा संभव अत्यल्प असतो. उलट, हाडांच्या स्कॅनमध्ये जुन्या संधिवाताचा डागही कर्करोगासारखा भासतो आणि नव्या तपासण्यांचे शुक्लकाष्ठ मागे लागते.

स्वीडनने 2000 पासून हा अतिरेक आवरण्याचा प्रयत्न आरंभिला. अल्प धोक्याच्या रुग्णांतील अशा तपासण्यांचे प्रमाण 1998 मधील 45 टक्क्यांवरून 2009 मध्ये 3 टक्क्यांवर आले. मात्र ज्यांना त्यांची खरी गरज, त्या अधिक धोक्याच्या रुग्णांतही ते 63 वरून 47 टक्क्यांवर घसरले! हा इशारा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. काटकसर निराळी, कुचराई निराळी. आपला रोग कोणत्या गटात मोडतो, हे रुग्णाने आधी विचारावे. आणि ते नीट समजावून सांगितल्यावाचून डॉक्टरांनी स्कॅनची चिठ्ठी लिहूही नये, नाकारूही नये.