डोळ्यांना दिसलेला अरोरा आणि कॅमेऱ्यातला अरोरा

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर हिरव्या आकाशाची लाट येते. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये मास्टर्स करणारी कॉलेजची एखादी सीनियर बर्फात हात पसरून उभी असते. डोक्यावर हिरवे-गुलाबी पडदे, खाली कॅप्शन ‘बकेट लिस्ट : डन’ आणि कमेंट्समध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘आपण कधी जायचं?’ पहिल्या दोन रात्री नुसते ढग होते, तिसऱ्या रात्री आकाशात राखाडी धुरासारखं काहीतरी दिसलं आणि हिरवा रंग आधी दिसला तो मोबाइलच्या स्क्रीनवर, हे मात्र त्या पोस्टमध्ये क्वचितच असतं.

नॉर्दर्न लाइट्स बघायला जायचं स्वप्न असेल तर नेमकं हेच आधी माहीत असायला हवं. नाहीतर पार्टटाइम काम करून साठवलेले पैसे खर्च करून तिथे पोचायचं, समोर खराखुरा अरोरा असायचा आणि मनात यायचं, ‘एवढंच?’

डोळा कमी पडतो, तो का?

अंधारात आपण डोळ्यांतल्या ‘रॉड’ पेशींच्या जोरावर बघतो. त्या अगदी मंद प्रकाशही पकडतात, पण रंग ओळखणं त्यांचं काम नाही. रंग ओळखणाऱ्या ‘कोन’ पेशींना बऱ्यापैकी उजेड लागतो. त्यामुळे मंद अरोरा डोळ्यांना पांढुरका दिसतो. नवख्या माणसाला तो लांबलेला ढगच वाटतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. शटर दहा सेकंद उघडं ठेवलं की तो दहा सेकंदांचा सगळा प्रकाश एका फोटोत साठवतो आणि रंगही नोंदवतो. तो हिरवा रंग आकाशात असतोच, फक्त आपल्याला तो पुरेसा दिसत नसतो.

उलट बाजूही आहे. अरोरा जोरात आला की हिरवा रंग साध्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसतो, कधी खालच्या कडेला गुलाबी झालरही दिसते. आणि तेव्हा त्याची जी हालचाल असते, पडदा सळसळावा तशी, ती दहा सेकंदांच्या फोटोत पुसली जाते. तिथे कॅमेरा कमी पडतो. म्हणजे एकाच आकाशाचे हे दोन अरोरा आहेत आणि दोघांतही काहीतरी सुटलेलं आहे.

हा प्रकार नेमका काय आहे?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत येत असतो. त्याच्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते आणि ती मोकळी झाली की इलेक्ट्रॉन्स चुंबकीय रेषांवरून ध्रुवांजवळच्या वातावरणात घुसतात. तिथल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनवर ते आदळतात आणि प्रकाश बाहेर पडतो. नेहमी दिसणारा हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. लाल रंगसुद्धा ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वरचा. लाल प्रकाश सोडायला त्या अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात. खाली हवा दाट, त्यामुळे तेवढ्या वेळात दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते. वर गर्दी नाही, म्हणून तिथे लाल दिसतो. जांभळट-गुलाबी छटा मुख्यतः नायट्रोजनच्या.

हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारख्या पट्ट्यात पडतो. नॉर्वेतलं ट्रॉम्सो, स्वीडनमधलं अबिस्को, अलास्कातलं फेअरबँक्स ही नावं सारखी कानावर येतात ती ही गावं त्या पट्ट्याखाली किंवा अगदी जवळ आहेत म्हणून.

कधी जायचं, किती रात्री थांबायचं?

जून-जुलैच्या सुट्टीत स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून ट्रॉम्सोला जाऊ नका. तेव्हा तिथे सूर्य मावळतच नाही आणि अंधार नसेल तर अरोरा दिसणार कसा? सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात हा खरा हंगाम. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे अंधार भरपूर. पण सप्टेंबर आणि मार्चच्या आसपास, दिवस-रात्र सारखे असताना, चुंबकीय हालचाल जास्त असते आणि थंडीही जरा सुसह्य असते.

सगळ्यात मोठा व्हिलन म्हणजे ढग. अरोरा ढगांच्या खूप वर असतो, त्यामुळे आकाश झाकलेलं असेल तर वर कितीही मोठं वादळ असलं तरी खाली काळोखच. ट्रॉम्सो समुद्राकाठी आहे, हवा सारखी बदलते. म्हणून तिथले गाइड पर्यटकांना गाडीत घालून मोकळं आकाश शोधत कधीकधी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतात. अबिस्को डोंगरांच्या आडोशाला आहे. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरांवर रिकामे होतात आणि टोर्नेट्रेस्क तलावावरचं आकाश बऱ्याचदा मोकळं राहतं.

आता थोडं गणित. समजा कुठल्याही रात्री आकाश मोकळं मिळण्याची शक्यता निम्मी आहे. एकच रात्र थांबलात तर नाणेफेक. चार रात्री थांबलात तर निदान एक मोकळी रात्र मिळण्याची शक्यता १६ पैकी १५. प्रत्यक्षात खराब हवा सलग टिकते, त्यामुळे आकडा याहून कमीच, पण मुद्दा तोच. पैसे मोजकेच असतील तर हॉटेलवर कमी आणि रात्रींवर जास्त खर्च करा. एका रात्रीची महागडी टूर बुक करून परत फिरणं हा सगळ्यात मोठा जुगार.

अॅपमध्ये दिसणारा केपी हा आकडा ० ते ९ असतो. ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी केपी २ किंवा ३ सुद्धा पुरतो, त्यामुळे ‘आज फक्त २ आहे’ म्हणून झोपून जाऊ नका. त्याहून उपयोगी आकडा म्हणजे बी-झेड, सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा. तो उणे असेल, म्हणजे दक्षिणेकडे झुकलेला असेल, तर पृथ्वीच्या क्षेत्रात ऊर्जा सहज शिरते. ही मोजणी पृथ्वीपासून साधारण १५ लाख किलोमीटरवरच्या ‘एल-१’ बिंदूजवळची यानं करतात. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वेगाने येत असेल तर आपल्याला तासाभराची आगाऊ सूचना मिळते. खात्रीचा अंदाज एवढाच. आठवडाभर आधीचे अंदाज फक्त दिशा दाखवतात.

कॅमेऱ्याची तयारी

ट्रायपॉडला पर्याय नाही. मॅन्युअल मोड, वाइड लेन्स, अॅपर्चर एफ २.८ किंवा लेन्स देईल तेवढं मोठं, आयएसओ १६०० ते ३२००. अरोरा शांत असेल तर शटर ८ ते १५ सेकंद. नाचायला लागला की २ ते ५ सेकंदांवर या, नाहीतर पडद्याच्या सुंदर घड्यांचा नुसता हिरवा चिखल होतो. फोकस मॅन्युअल ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये एक ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा, लेन्सवरच्या ‘इन्फिनिटी’च्या खुणेवर विसंबू नका. फोटो ‘रॉ’मध्ये घ्या. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा, त्याच्यामुळे अरोराच्या फोटोत मधोमध गोल वलयं उमटू शकतात.

डीएसएलआर नाही? हल्लीच्या बऱ्याच फोनचा नाइट मोडही चालतो. फोन स्टँडवर बसवा, फ्लॅश बंद, तीन सेकंदांचा टायमर.

बाकीची लढाई थंडीशी. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. पातळ हातमोज्यांवर जाड हातमोजे घाला, म्हणजे बटण दाबताना बोटं उघडी पडणार नाहीत. लेन्सवर फुंकर मारू नका, वाफ तिथेच गोठते. घरात शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर उबदार हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं. आणि गाडी कुठेही रस्त्यात थांबवू नका. बर्फाळ रस्ता, काळोख आणि सगळ्यांची नजर आकाशात, हे धोकादायक आहे.

ज्याला फोटो मिळाला नाही

फोटो मिळाला नाही तर? सोफुस ट्रोमहोल्ट हा डॅनिश शिक्षक १८८२-८३ चा हिवाळा उत्तर नॉर्वेतल्या काउटोकेनो या सामी लोकांच्या गावात राहिला, अरोराचा अभ्यास करायला. कॅमेराही होता. पण तेव्हाच्या काचेच्या प्लेट्स इतका मंद प्रकाश पकडू शकल्या नाहीत. मग त्याने तोच कॅमेरा गावातल्या माणसांकडे वळवला. सामी स्त्री-पुरुषांची, नावानिशी नोंदवलेली, ताठ मानेची ती पोर्ट्रेट्स आज युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत आहेत. आकाशाने दगा दिला तरी आजूबाजूला गाव असतं, माणसं असतात.

पुढे १८९२ मध्ये मार्टिन ब्रेंडेलने अरोराचा पहिला फोटो मिळवला. १९१० पासून कार्ल स्टर्मर या नॉर्वेजियन गणितज्ञाने फोटोंचा खरा उपयोग करून दाखवला. दोन ठिकाणचे फोटोग्राफर टेलिफोनवर बोलून एकाच क्षणी फोटो काढत आणि ताऱ्यांच्या संदर्भाने तो अरोराची उंची काढत असे. शाळेत कंटाळा आणणारी ट्रिगोनोमेट्रीच ही. हाच स्टर्मर विद्यार्थी असताना कोटात कॅमेरा लपवून ओस्लोच्या रस्त्यावर लोकांचे फोटो काढायचा!

हौशी फोटोंचं मोल आजही आहे. कॅनडातल्या अल्बर्टामधल्या अरोराप्रेमींच्या फोटोंत एक अरुंद जांभळट पट्टा वारंवार दिसत होता. त्यांनी गमतीत त्याचं नाव ठेवलं ‘स्टीव्ह’, एका अॅनिमेशनपटातून उचललेलं. शास्त्रज्ञांनी ते फोटो उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि २०१८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. हे जमलं कारण फोटोंसोबत वेळ आणि ठिकाण होतं. तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ आधी बरोबर लावून घ्या.

आपल्याकडचं काय?

१० मे २०२४ च्या रात्री, २००३ नंतरचं सर्वांत तीव्र सौरवादळ पृथ्वीवर आदळलं तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या भारतीय खगोलशास्त्रीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल आभा टिपली. लालच का? इतक्या दक्षिणेकडून दूरच्या अरोराचा फक्त सर्वांत उंच भाग क्षितिजावर डोकावतो आणि तो उंचावरच्या ऑक्सिजनचा, म्हणजे लाल. पण असं क्वचितच घडतं. अरोराच्या भरवशावर हानलेचं तिकीट काढू नका, तिथल्या ताऱ्यांसाठी जरूर काढा.

महाराष्ट्राचं नातं त्याहून जुनं आहे. सप्टेंबर १८५९ मधल्या महावादळात क्युबासारख्या ठिकाणीही अरोरा दिसला होता. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. त्या वादळाची ताकद समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही ही नोंद वापरतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे मोजमाप अलिबागला हलवलं गेलं. आणि सूर्यावर नजर ठेवणाऱ्या ‘आदित्य एल-१’ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’त तयार झाली आहे. फिजिक्सवाल्यांनी लक्षात ठेवावं, या विषयात काम करायला आर्क्टिकमध्येच जायला हवं असं नाही.

आणि ती रात्र आलीच तर...

शहराच्या दिव्यांपासून लांब जा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्या. त्या वेळात मोबाइल बघितला की घड्याळ पुन्हा शून्यावर. मग दोन-चार चांगले फोटो घ्या, कॅमेरा आपोआप फोटो घेत राहील असा लावून ठेवा आणि मागे होऊन वर बघा. जोराचा बहर बऱ्याचदा काही मिनिटांचाच असतो आणि तेवढा वेळ सेटिंग्जमध्ये गेला तर तो परत मिळत नाही.

रूमवर आल्यावर झोपण्याआधी डोळ्यांना काय दिसलं ते लिहून ठेवा. वेळ, दिशा, रंग दिसला की नाही, हालचाल कशी होती. पोस्ट टाकताना त्यातलं एक वाक्य फोटोखाली टाका : ‘शटर १० सेकंद, डोळ्यांना फिकट पांढरा दिसला, मग पाच मिनिटं खरंच हिरवा झाला.’ लाइक्स कदाचित दोन कमी पडतील. पण ते वाचून पुढच्या वर्षी जाणारा तुमचा ज्युनिअर निदान चार रात्रींचं बुकिंग करेल आणि तो पांढुरका पट्टा दिसल्यावर आत न जाता तिथेच थांबेल.